मुलासाठी मानसोपचार घ्यायचे ठरवल्यावर

मुलाच्या वागण्यातला किंवा मनःस्थितीतला बदल दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला आणि त्याचा परिणाम झोप, भूक, अभ्यास, खेळ किंवा घरातल्यांशी असलेले संबंध यांवर दिसू लागला, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, हा साधा निकष पालकांनी मनाशी ठेवावा. आजाराचे नाव काय, हे त्या वेळी पालकांना ठाऊक असण्याची गरज नसते. ते शोधणे हे तज्ज्ञाचे काम आहे. तरीही ‘दहावी होऊन जाऊ दे, मग बघू’, ‘वयच असे असते’, ‘लोक काय म्हणतील’ असे म्हणता म्हणता कितीतरी घरांत एक-दोन वर्षे निघून जातात आणि सुरुवातीला थोडक्या भेटींत आटोक्यात आली असती अशी तक्रार मुलाच्या शाळेपर्यंत, मैत्रीपर्यंत आणि आत्मविश्वासापर्यंत पसरते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात सरासरी चार मुले अशी असू शकतात. तेव्हा आपल्याच घरी काही विपरीत घडले आहे, असे मानून लपवण्यासारखे यात काही नाही.

या लेखात मदत घेण्याच्या वाटेवरचे टप्पे क्रमाने दिले आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगतो: मुलाला तज्ज्ञाच्या स्वाधीन करून पालक मोकळे होतात, अशा पद्धतीने हे उपचार होत नाहीत. मूल जितके लहान, तितका उपचारातला मोठा वाटा पालकांनी घरी करायच्या बदलांचा असतो. जे पालक हे पहिल्या भेटीतच स्वीकारतात, त्यांच्या मुलांना लवकर आराम पडताना मी पाहिले आहे.

काय पाहावे, काय टिपून ठेवावे

लहान मुले ‘मला उदास वाटते’ असे सांगत नाहीत. त्यांचे शरीर आणि वागणे ते सांगते. वारंवार पोट किंवा डोके दुखणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत येणे, आईला क्षणभरही न सोडणे, पूर्वी आवडणारा खेळ टाकून देणे, एकाच गोष्टीवरून रोज आकांत करणे, अशी ती लक्षणे असतात. किशोरवयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसते, आणि म्हणूनच ती ‘उद्धटपणा’ या खात्यात जमा होते. मित्रांचे फोन न घेणे, रात्रभर जागे राहून दिवसा झोपणे, गुण एकाएकी घसरणे, जेवण टाळणे किंवा जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाणे, पुन्हा पुन्हा हात धुणे किंवा वस्तू तपासणे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालून हात झाकणे, यांकडे दुर्लक्ष करू नये. कोणीही बोलत नसताना आवाज ऐकू येतात, सगळे आपल्यावर पाळत ठेवून आहेत, असे मूल सांगू लागले तर दोन-तीन आठवड्यांची वाट न पाहता त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे.

तज्ज्ञाकडे जाण्याआधी पंधरा दिवस एका वहीत नोंदी ठेवल्यास फार उपयोग होतो. तारीख, वार, वेळ, काय झाले, त्याच्या आधी काय घडले होते आणि नंतर घरातल्यांनी काय केले, एवढ्या सहा गोष्टी पुरेत. समजा, सातवीतल्या एका मुलाचे पोट सतत दुखते, सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करूनही काही निघत नाही, आणि आईला वाटते की दुखणे रोजचेच आहे. वहीत मात्र दिसते की दुखणे रविवारी रात्री जेवणानंतर सुरू होते, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी वाढते आणि गणपतीच्या सुट्टीत एकदाही होत नाही. सोमवारी आणि गुरुवारी शाळेत कोणता तास असतो, एवढे विचारले की बोलण्याला सुरुवात मिळते. दुखणे खोटे नसते. मुलाचे पोट खरोखर दुखत असते, फक्त त्याचे कारण पोटात नसते. ‘नाटक करतो’ हा शब्द घरातून कायमचा काढून टाकावा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

शारीरिक कारण आधी तपासून घेणेही तितकेच आवश्यक आहे. थायरॉइडचा दोष, रक्तक्षय, ब जीवनसत्त्वाची कमतरता, फिट्सचे काही प्रकार, कमी ऐकू येणे किंवा चष्म्याची गरज यांमुळेही मूल थकलेले, चिडलेले किंवा अभ्यासात मागे दिसू शकते. म्हणून नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवणे ही पहिली पायरी म्हणून चांगली. पुढे कोणाकडे जावे, हेही तेच सुचवू शकतात.

थांबायचे नाही अशी वेळ

मूल मरणाबद्दल बोलत असेल, ‘मी नसलो तर तुमचा त्रास संपेल’ असे म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा आपल्या आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, तर त्याला शांतपणे आणि सरळ विचारावे: ‘तुला जगू नये असे वाटते का? तसे काही करायचे मनात आले आहे का?’ असे विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले याचा मुलांना बहुधा सुटकारा वाटतो. त्या काळात मुलाला एकटे ठेवू नये. घरातली सर्व औषधे, शेतकरी कुटुंबात कीटकनाशके आणि तणनाशके, कुलपात किंवा घराबाहेर हलवावीत. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. रात्र असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर कोणत्याही आणीबाणीसाठी ११२, आणि मूल स्वतः मदत मागणार असेल किंवा घरातच त्याच्यावर अत्याचार होत असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

मुलाने आत्महत्येचा प्रयत्न केल्यानंतर ‘पोलीस केस होईल’ या धास्तीने कुटुंबे खरी हकीकत डॉक्टरांपासून लपवतात आणि उपचारांचे मोलाचे तास वाया जातात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर येते. शिवाय जुन्या दंड संहितेतले शिक्षेचे कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते ती नोंदीची रीत आहे. डॉक्टरांना काय घेतले, किती घेतले आणि केव्हा घेतले हे खरे सांगावे, उरलेली बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे, आणि शरीर सावरल्यावर मनोविकार विभागाची तपासणी झाल्याशिवाय घरी सोडण्याची घाई करू नये.

कोणाकडे जायचे

मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा पदविका घेतलेले डॉक्टर असतात. निदान करणे आणि औषध देणे हा त्यांचा अधिकार आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना बहुतेक लोक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात, ते मानसशास्त्रीय चाचण्या आणि बोलण्यातून केले जाणारे उपचार करतात, औषधे देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही; प्रामाणिक तज्ज्ञ तो लगेच सांगतात. समुपदेशक या नावाखाली मात्र मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेली व्यक्तीही असते आणि काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून पाटी लावलेली व्यक्तीही असते. म्हणून पदवी, प्रशिक्षण, मुलांबरोबर कामाचा अनुभव आणि ‘गरज पडली तर तुम्ही पुढे कोणाकडे पाठवता?’ हे चार प्रश्न आधी विचारावेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. ज्यांच्याकडे पुढे पाठवण्यासाठी डॉक्टरच नाही आणि ज्यांना तशी गरजही वाटत नाही, त्यांच्याकडे मूल नेऊ नये.

परीक्षेचा ताण, मैत्रीतले तंटे, घरातल्या एखाद्या मृत्यूनंतरचे दुःख, आईवडिलांचे विभक्त होणे, अशा कारणांसाठी चांगला समुपदेशक पुरेसा असतो. तीव्र नैराश्य, स्वतःला इजा, भास, जेवण तोडणे, व्यसन, किंवा महिनाभर शाळेत जाणेच बंद होणे, यांत सुरुवात मानसोपचारतज्ज्ञापासून करावी. बोलणे, नजरेला नजर देणे, खेळणे किंवा शिकणे यांत मूल समवयस्कांपेक्षा मागे वाटत असेल तर बालविकासतज्ज्ञ किंवा बालविकास केंद्र गाठावे, कारण तेथे वाचा-उपचार, व्यवसायोपचार (रोजच्या हालचाली व कामे जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) आणि मानसशास्त्रीय तपासणी एकत्र होऊ शकते.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि कल सांगणाऱ्या चाचण्यांचा आपल्याकडे, अगदी शाळांच्या सभागृहांतूनही, जोरात प्रचार होतो. त्यांना कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि हजारो रुपये घेऊन त्या हाती देतात तो जाडजूड अहवाल कोणत्याही उपचारात उपयोगी पडत नाही. तसेच ‘इतक्या दिवसांत खात्रीने बरा करू’ असे सांगणारे, पंचवीस भेटींचे पैसे आगाऊ मागणारे आणि ‘आधीच्या डॉक्टरच्या गोळ्या आजपासून बंद करा’ असे परस्पर फर्मावणारे यांच्यापासून दूर राहावे. कुलदैवताला जाऊन येणे, नवस फेडणे यामुळे घरातल्यांना धीर मिळत असेल तर त्याला हरकत नाही. पण त्यासाठी औषधाचा एकही डोस चुकवू नये, आणि मुलाला बांधणे, मारणे, उपाशी ठेवणे असा उपाय कोणी सुचवला तर तिथून मुलाला घेऊन तत्काळ निघावे.

मदत कुठे मिळते आणि खर्च किती येतो

बालमनाच्या उपचारांची परंपरा महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईत १९३७ मध्येच बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले होते. आज मुंबईतल्या केईएम, शीव आणि नायर या महापालिका रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते, मुंबईतच उम्मीद हे बालविकास केंद्र आहे, आणि गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था व १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्याचे काम करणारी संस्था आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात तपासून घेणे म्हणजे मुलाला तेथे दाखल करणे नव्हे, हे आजी-आजोबांना आणि नातेवाइकांना आवर्जून सांगावे, कारण ‘येरवड्याला नेले’ एवढ्या शब्दांनी घरात हाहाकार उडतो. कर्नाटकच्या सीमेजवळ राहणाऱ्यांना बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा बाल व किशोर मनोविकार विभाग गाठता येतो आणि गुंतागुंतीच्या दुखण्यात महाराष्ट्रातूनही पुष्कळ कुटुंबे तेथे जातात.

मोठ्या शहरांपासून दूर असणाऱ्यांसाठी जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले ‘सिव्हिल’, ही जागा आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तेथे मनोविकार बाह्यरुग्ण विभाग चालतो. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा, मुलांसाठी विशिष्ट वार ठरलेला आहे का हे खिडकीवरच विचारावे आणि पुढच्या तारखेची नोंद केस पेपरवर करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळा व अंगणवाड्यांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि विकासातला विलंब आढळल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरस्नेही चिकित्सालये आहेत. महाराष्ट्रात त्यांना बहुधा ‘मैत्री’ नावाने ओळखतात.

खासगी तज्ज्ञांकडे पाऊण तासाच्या भेटीला लहान शहरांत काहीशे रुपयांपासून, महानगरांत दोन-तीन हजारांपर्यंत पैसे पडतात आणि भेट सुरुवातीला आठवड्याला एक असते. म्हणून पहिल्याच भेटीत एकूण अंदाजे किती भेटी लागतील आणि सवलतीचा दर आहे का, हे मोकळेपणी विचारावे. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे २०१७ च्या कायद्यात म्हटले आहे. पण बहुतेक पॉलिसी केवळ रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात, त्यामुळे साप्ताहिक भेटींचा खर्च बाहेरच राहतो. एक सूचना येथेच करतो: परवडत नाही म्हणून तीन भेटींनंतर उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा सुरुवातीपासून सरकारी किंवा न्यासाच्या केंद्रात जाणे मुलाच्या हिताचे असते.

मुलाला काय सांगायचे

दाताच्या डॉक्टरकडे जातोय असे सांगून मुलाला मनोविकार विभागात नेणारे पालक वाईट नसतात, घाबरलेले असतात; पण त्या फसवणुकीमुळे मुलाचा तज्ज्ञावरचा विश्वास पहिल्या मिनिटाला जातो आणि तो परत मिळवण्यात कित्येक भेटी खर्ची पडतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढे सांगावे: ‘तुला रात्री फार भीती वाटते ना, त्या मावशी मुलांशी खेळतात, बोलतात आणि भीती कमी कशी करायची ते शिकवतात. तिथे सुई नसते. मी बाहेरच बसलेली असेन.’ किशोरवयीन मुलाशी बोलताना दोष न देता दिसलेली गोष्ट सांगावी: ‘गेल्या महिन्यात तू तीनदा क्लासला गेला नाहीस, नीट जेवत नाहीस, आणि मला तुझी काळजी वाटते. तू काही चुकीचे केले आहेस म्हणून हे म्हणत नाही. एकदा कोणाशी तरी बोलून बघ. एका भेटीनंतर तुला पटले नाही तर आपण दुसरे कोणी शोधू.’ जायचे की नाही हा प्रश्न खुला ठेवला नाही तरी बाकीचे निर्णय मुलाला द्यावेत: कोणता वार, आई बरोबर येईल की बाबा, तज्ज्ञ स्त्री असावी की पुरुष, प्रत्यक्ष भेट की व्हिडिओवर. शिक्षा म्हणून किंवा भांडणाच्या भरात ‘आता तुला डॉक्टरलाच दाखवते’ असे कधीही म्हणू नये.

मुलाने ठाम नकार दिला तर पालकांनी एकट्याने जावे. हे पुष्कळांना ठाऊक नसते, पण पालकांशी केलेल्या कामानेही घरातले वातावरण बदलते आणि काही आठवड्यांनी मूल स्वतःहून ‘तुम्ही तिथे काय बोलता?’ असे विचारते. चार भावंडांत एकालाच नेताना इतरांसमोर गाजावाजा करू नये, आणि शेजारी, सोसायटीचा व्हॉट्सअॅप गट व नातेवाईक यांना काय सांगायचे, हे मुलाला विचारून ठरवावे.

पहिल्या काही भेटी

नोंदींची वही, जुने वैद्यकीय कागद, लसीकरणाचे कार्ड, अलीकडची दोन गुणपत्रके, शक्य असल्यास शिक्षकांची चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी घेऊन जावे. बाळंतपण कसे झाले, मूल केव्हा चालू व बोलू लागले, घराण्यात कोणाला असा त्रास होता का, हे विचारले जाईल. चुलत घराण्यातली आत्महत्या, आजोबांचे दारूचे व्यसन, आईचे बाळंतपणानंतरचे नैराश्य यांतली कोणतीही गोष्ट लाजेखातर गाळू नये. त्यावरून निदान आणि औषधाची निवड बदलू शकते. शक्य तर आईवडील दोघांनी जावे. मुलासमोर त्याच्या तक्रारींची यादी वाचू नये. तज्ज्ञ बहुधा पालकांना थोडा वेळ स्वतंत्रपणे भेटतात, तेव्हा ते सांगावे.

लहान मूल खोलीत खेळत, चित्र काढत असलेले पाहून ‘पैसे देऊन खेळायलाच आणले का’ असे पालकांना वाटू शकते. पण बाहुल्यांच्या घरात मूल कोणाला कुठे झोपवते, कोणाला घराबाहेर ठेवते, यातून जे समजते ते प्रश्न विचारून समजत नाही, आणि खेळातूनच त्यावर कामही होते. बुद्धिमापन सुचवले गेल्यास ते मुलाच्या मातृभाषेत व्हावे, असा आग्रह धरावा. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी बिने-कामत चाचणी मूळ मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतलेली आहे आणि भारतीय मुलांसाठीची मालिन यांची मापनश्रेणी नागपुरात घडली. बुद्ध्यंकाचा आकडा मुलाला किंवा नातेवाइकांना सांगण्यासाठी नसतो. कोणत्या बाबतीत मूल सक्षम आहे आणि कुठे आधार हवा, एवढेच त्यातून घ्यायचे असते.

इंग्रजी माध्यमात शिकणारी बरीच मराठी मुले राग आणि भीतीबद्दल एका भाषेत बोलतात आणि शाळेबद्दल दुसऱ्या. दोन्ही भाषा सहज बोलणारा तज्ज्ञ मिळाला तर उत्तम.

गोपनीयतेचा करार

किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी मोकळेपणी बोलेल की नाही, हे बहुतांशी त्याचे बोलणे किती गुप्त राहते यावर ठरते. १८ वर्षांखालील रुग्णाचे पालक हे कायद्याने त्याचे नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत त्याच्या वतीने निर्णय घेणारे, असतात, त्यामुळे निदान, उपचारांची दिशा आणि धोका यांची माहिती त्यांना मिळतेच. पण प्रत्येक भेटीत मूल काय बोलले, याचा शब्दशः अहवाल मागू नये. पहिल्याच भेटीत तिघांनी मिळून ठरवावे की जिवाला धोका असेल, कोणी अत्याचार करत असेल किंवा मूल दुसऱ्याला इजा करणार असेल, तर ते सांगितले जाईल. पहिली सिगारेट, आवडणारी व्यक्ती, आईवरचा राग हे मुलाजवळ राहील. लैंगिक अत्याचाराबाबत मात्र कोणालाच निवड नाही: २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे तज्ज्ञावर, आणि माहीत असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीवर, बंधनकारक आहे. अत्याचार करणारा घरातला किंवा नात्यातला असला तरीही हे बंधन सुटत नाही, आणि ते सुटू नये असेच मला मनापासून वाटते.

गाडीत बसल्याबरोबर ‘काय विचारले? आमच्याबद्दल काय सांगितलेस?’ असे विचारण्याचा मोह आवरावा. ‘भूक लागली का?’ एवढे पुरे.

उपचार आणि औषधे

चिंता आणि नैराश्यासाठी बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीला चांगला आधार आहे; त्यात मूल आपले विचार, भावना आणि कृती यांची साखळी ओळखायला आणि टाळलेल्या गोष्टींना लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जायला शिकते. साधारण आठ ते सोळा भेटी लागतात आणि दोन भेटींमधला घरचा सराव हाच त्यातला कणा असतो. ‘पेपर लिहिताना हात थरथरतो’ म्हणणाऱ्या मुलीला आधी घरी दहा मिनिटांचा सराव पेपर, मग मैत्रिणीसमोर, मग रिकाम्या वर्गात, असे नेले जाते. या पायऱ्यांत आईने घाई केली किंवा दया येऊन पायरी गाळली, तर गाडी तिथेच अडते. लहान मुलांच्या आक्रस्ताळेपणात आणि अतिचंचलतेत पालक-प्रशिक्षण हाच मुख्य उपचार असतो, विशेषतः सहा वर्षांखाली. मंत्रचळासाठी (नको असलेले तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणे), खाण्याच्या विकारांसाठी, आघातानंतरच्या त्रासासाठी वेगळ्या पद्धती आहेत. तज्ज्ञ कोणती वापरणार आणि का, हे विचारावे.

औषधाचे नाव निघाले की घर दोन तटांत विभागले जाते. प्रत्येक मुलाला औषध लागत नाही आणि सौम्य त्रासात ते पहिले पाऊलही नसते. पण मध्यम व तीव्र नैराश्यात, मंत्रचळात, अतिचंचलतेत आणि भास, संशय अशा मनोविकृतीच्या लक्षणांत ते टाळणे मुलावर अन्यायकारक ठरते. नैराश्यावरच्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या काळात मुलाकडे बारकाईने लक्ष ठेवून डॉक्टरांना लवकर लवकर भेटावे लागते. या गोळ्यांची सवय लागते, हा समज बहुतेक औषधांबाबत चुकीचा आहे. मात्र त्या एकदम बंद केल्यास त्रास होतो, म्हणून थांबवणे नेहमी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि हळूहळू करावे. गोळ्या मुलाच्या हाती न ठेवता पालकांनी स्वतः द्याव्यात.

मुलाला दाखल करण्याची वेळ क्वचितच येते. आल्यास, अल्पवयीन रुग्णाला प्रौढांपासून वेगळे ठेवणे आणि पालकांपैकी किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण वेळ सोबत राहणे कायद्याने आवश्यक आहे.

शाळेशी बोलणे

शाळेला किती सांगायचे, हे पालक आणि मूल मिळून ठरवतात. निदानाचे नाव न सांगताही ‘उपचार चालू आहेत, पुढचे दोन महिने गुरुवारी दुपारी लवकर सोडावे, तोंडी प्रश्न वर्गासमोर विचारू नयेत’ असे पत्र वर्गशिक्षकांना देता येते. वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असेल तर मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात; अक्षमता हक्क कायदा, २०१६ मध्ये तिचा स्पष्ट समावेश आहे. या तपासणीसाठी प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून दहावीच्या वर्षाची वाट न पाहता आठवीतच अर्ज करावा. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असणाऱ्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत म्हटले आहे. तुमच्या शाळेत किंवा लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये तो आहे का, हे प्रवेश घेतानाच विचारावे, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी तर नक्कीच.

प्रगती कशी मोजायची, केव्हा थांबायचे

पहिल्या दोन-तीन भेटींनंतर मूल अधिक चिडलेले दिसू शकते, कारण दडपलेले वर येऊ लागते. तेवढ्यावरून उपचार सोडू नयेत. सहा भेटींनंतर मात्र तज्ज्ञांबरोबर बसून सुरुवातीला ठरवलेल्या दोन-तीन उद्दिष्टांचा आढावा घ्यावा. उद्दिष्ट ‘आनंदी राहणे’ असे मोघम न ठेवता ‘आठवड्यातून पाच दिवस शाळा’, ‘रात्री अकराच्या आत झोप’, ‘महिन्यात एकदाही इजा नाही’ असे मोजता येईल असे असावे. काहीच फरक नसेल तर पद्धत बदलणे, निदान पुन्हा तपासणे किंवा दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे योग्य आहे, आणि हे पहिल्या तज्ज्ञाला सांगूनच करावे, म्हणजे कागदपत्रे व सारांश मिळतो. न सांगता दर महिन्याला तज्ज्ञ बदलत राहिल्यास मूल तीच कथा नव्या माणसासमोर सांगून थकते आणि पुढे कोणालाच काही सांगेनासे होते.

बरे वाटू लागल्यावर भेटी एकदम बंद न करता पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग तीन महिन्यांनी अशा लांबवाव्यात. शेवटच्या भेटीत तज्ज्ञांकडून एका पानावर लिहून घ्यावे: त्रास परत येत असल्याची पहिली चिन्हे कोणती, तेव्हा मुलाने काय करावे, घरातल्यांनी काय करावे, आणि कोणत्या क्रमांकावर फोन करावा. हे पान मुलाच्या हस्ताक्षरात असेल तर अधिक चांगले. त्याची एक प्रत फाइलमध्ये आणि एक मुलाजवळ ठेवावी, आणि शाळा बदलणे, बोर्डाचे वर्ष, वसतिगृहात जाणे, घरात कोणी दगावणे अशा वळणांवर ते न विसरता काढून पाहावे.